दानिएलचे सहा दिवस

“कुत्रा मेला कोणत्या दिवशी?” चांद्याच्या सरकारी इस्पितळात डॉक्टरांनी एवढंच विचारलं.

“मला चावल्यापासून चौथ्या दिवशी.”

“आणि तुम्ही आज, नवव्या दिवशी येताय?” त्यांनी पेन खाली ठेवलं. मग समजावून सांगितलं. रेबीज, म्हणजे पिसाळलेल्या जनावराच्या लाळेतून होणारा रोग. तो मेंदूपर्यंत पोचायच्या आत पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायची, रोज एक. लक्षणं दिसली की मग औषध नाही. आणि ती तीन महिन्यांनीही दिसू शकतात.

मी गोंडपिपरीकडच्या लाकूड डेपोत मोजणीदार आहे. जे मोजलं तेच लिहायचं, ही सवय. माझ्या पोटरीला चावलेला कुत्रा शेजारच्या दानिएलचा. तो आमच्याच चर्चच्या मंडळीतला, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. गावच्या कंपाउंडरने सांगितलं होतं की दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवा, तो जगला तर भीती नाही. म्हणून रोज सकाळी कामावर जाताना मी दानिएलला विचारायचो.

“मस्त हाय, भाऊ. भात खाऊन राह्यला.”

पाचव्या दिवशी हेच उत्तर. सहाव्या, सातव्या, आठव्या दिवशीही हेच. आठव्या दिवशी दुपारी त्याची बायको मार्था रडत डेपोवर आली, तेव्हा कळलं की कुत्रा पुरून चार दिवस झाले होते.

सुई लांब होती. दुसऱ्या दिवसापासून पोट दगडासारखं लागायचं. त्याच दिवशी पोंभुर्ण्याकडचा एक माणूस शेवटच्या खोलीत आणला. हायड्रोफोबिया, म्हणजे पाण्याचं भय. तहान लागते, पण पाणी पुढे केलं की घसा आवळतो. त्याच्या खोलीत पाण्याचा गडवा आपटल्याचा आवाज मी ऐकला. दुसऱ्या दिवशी ती खोली धुऊन काढत होते. तेव्हापासून उठल्याबरोबर मी एक घोट पाणी पिऊन पाहू लागलो.

तिसऱ्या इंजेक्शनच्या दिवशी आमच्या चर्चचे पाळकसाहेब आले. म्हणाले, दानिएलला तुम्हाला भेटायचं आहे, माफी मागायची आहे.

“त्याचं तोंड मले दावू नका,” मी म्हटलं.

माझी बायको राहेल सोबत होती. आम्ही रोज प्रभूची प्रार्थना म्हणायचो. दुसऱ्यांना क्षमा केल्याचं जे वाक्य आहे, तिथे मी गप्प राहायचो.

“तेवढंच काऊन सोडता?” तिने विचारलं.

“माफ केलं नाई, तर केलं म्हनून देवाले खोटं सांगू काय?”

“मंग समोरचंबी सोडा. वाईटातून वाचव म्हनाले तोंड बरं उघडते तुमचं!”

तरी ते वाक्य मी म्हटलं नाही.

नवव्या इंजेक्शनच्या वेळी मार्था एकटीच आली आणि दाराशी उभी राहिली. “भाऊजी, त्याच्यावरचा राग सोडा. कुत्रा खात नव्हता. गळ्यात हाडूक अडकलं असन म्हनून यानं तिसऱ्या दिवशी घशात हात घातला. दात लागला बोटाले. कुत्रा हाडकानंच मेला, असं समजला तो. भाऊले उगाच काऊन भेव घालू, म्हने.”

डॉक्टरांचा हात थांबला. “हाड नव्हतं ते. या रोगात जबडा लुळा पडतो. तो माणूस कुठे आहे?”

मी पडल्यापडल्या मोजलं. तिसऱ्या इंजेक्शनला मी त्याला येऊ दिलं असतं, तर हेच त्याने स्वतः माझ्या खाटेशी सांगितलं असतं. त्याने माझे चार दिवस घेतले होते. मी त्याचे सहा घेतले.

“माझ्या बाजूची खाट रिकामी हाय,” मी मार्थाला म्हटलं. “उद्या त्याले घेऊन ये.”

दानिएल आला. बोट मुठीत लपवून उभा राहिला.

“राग गेला, भाऊ?”

“नाई गेला. पन बस.”

त्या संध्याकाळी मी देवाला सांगितलं की हा राग माझ्याच्याने सुटत नाही, तूच ठेवून घे. मग ते वाक्य म्हटलं. खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही.

माझी चौदा इंजेक्शनं संपली तरी मी त्याच्यासाठी थांबलो. त्याच्या आठव्या इंजेक्शनच्या दिवशी सकाळी राहेलने पेला पुढे केला आणि त्याने मान फिरवली. दुपारी त्याला शेवटच्या खोलीत नेलं.

मी दारापर्यंत गेलो. त्याचे हात खाटेला बांधले होते. मला पाहून तो हसला. “दूर राहा, भाऊ. नाईतर तुमाले आखीन चौदा लागतीन.”

तिसऱ्या दिवशी तो गेला.

ते सहा दिवस मिळाले असते तर तो वाचला असता का, हे मी डॉक्टरांना तीनदा विचारलं. सांगता येत नाही, असंच ते तिन्ही वेळा म्हणाले. तेही मी देवाकडे सोपवलं आहे. काही दिवस ते तिथे राहतं, काही दिवस परत येतं.

तीन महिने उलटले. मी जिवंत आहे, याबद्दल देवाचे आणि डॉक्टरांचे आभार मानतो. कुत्रा चावला तर जखम साबणाने धुवा आणि त्याच दिवशी इस्पितळात जा. जबडा लोंबणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात हात घालू नका. आणि कोणी माफी मागायला आला, तर मनात राग असला तरी त्याला आत घ्या. तो आणखी काय सांगायला आला आहे, हे आपल्याला ठाऊक नसतं.