तीन शिफ्टचा लिंब

आमच्या कॉलनीतला सगळ्यात मोठा आजार म्हणजे रिटायरमेंट. नगरजवळच्या नागापूर एमआयडीसीतल्या कारखान्यांत आयुष्य काढलेली माणसं एकामागोमाग एक घरी बसली, आणि घरी बसवेना म्हणून त्यांनी कॉलनीचं मंडळ काढलं. अध्यक्ष माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामा आणि सासूला आत्या म्हणायची रीत आहे, म्हणून मीही तसंच म्हणते. मामा कारखान्यात सुपरवायझर होते. ते अजूनही आहेत, फक्त हाताखाली आता मी आहे.

मंडळाची मीटिंग रविवारी आमच्याच हॉलमध्ये भरते. विषय ठरलेले: भटकी कुत्री, कोपऱ्यावर कचऱ्याची पिशवी ठेवून पळणारा अज्ञात इसम, आणि गतिरोधक. गतिरोधक सगळ्यांना हवा असतो, पण शेजाऱ्याच्या दारात. कुत्र्यांच्या बंदोबस्ताचा ठराव होत असतो तेव्हा त्यांतलंच एक कुत्रं आमच्या पायरीवर झोपलेलं असतं आणि मीटिंग संपली की मामाच त्याला बिस्किट घालतात. बायकांना या मीटिंगचं आमंत्रण असतं ते चहाच्या ट्रेसकट. मी चहा नेते, सगळं ऐकते आणि तोंडात आलेलं गिळून परत येते. दर वेळी गिळलं जातंच असं नाही.

नोकरी सुटली तरी या मंडळींची कारखान्याची सवय काही सुटली नाही. कुठलंही काम निघालं की ते शिफ्टमध्ये वाटायचं. फर्स्ट, सेकंड, थर्ड. आणि शिफ्टमध्ये राबलेल्या माणसाची एक पक्की खात्री असते: आपल्या आधीच्या शिफ्टने काहीही केलेलं नाही. मशिनला तेल घातलेलं नाही, नटबोल्टचे पाने जागेवर ठेवलेले नाहीत, सगळं आपल्यालाच निस्तरायचं आहे. मामा उभी नोकरी हेच गाऱ्हाणं घरी आणत आले आणि आत्या ते ऐकत आल्या. पुढचा सगळा घोळ या खात्रीमुळेच झाला.

आमच्या घरासमोर कॉलनीचा ओपन स्पेस आहे. तिथे एक जुना कडुलिंब होता. दुपारची भांडी आवरली की त्याच्याखाली बायकांची बैठक भरायची. कुणी लसूण सोलायचं, कुणी मेथी निवडायची, आणि निवडता निवडता अख्ख्या कॉलनीचाही निवाडा व्हायचा. आत्यांची जागा खोडाला टेकून. गुडघे गेल्यापासून त्यांना बाजार नाही, देऊळ नाही, माहेरी मिरजगावला जाणंही नाही. काठी टेकत जाता येईल एवढं एकच ठिकाण उरलं होतं, ते म्हणजे रस्त्यापलीकडचा तो लिंब. ड्रेनेजची लाइन टाकताना तो मुळासकट गेला.

बैठक मोडली. उन्हात कोण बसणार? बायका आपापल्या घरात टीव्ही लावून बसल्या. आत्यांना टीव्हीचा कंटाळा. "त्यातली मानसं मला काय इचारतात का?" म्हणायच्या. महिनाभरात त्या बोलायच्याच कमी झाल्या. आधी मी ऑफिसातून आले की दारातूनच मला दिवसभराच्या बातम्या मिळायच्या. आता विचारलं तरी "काय न्हाई" एवढंच. भांडकुदळ सासू गप्प झाली तर सुनेने पेढे वाटावेत, पण मला ते घर नकोसं व्हायला लागलं. मला माझी भांडणारी आत्या परत हवी होती.

मामांच्याही ते लक्षात आलं असावं. बायकोला थेट काही विचारायची पद्धत त्यांच्यात नाही, म्हणून त्यांनी मीटिंगमध्ये ठराव आणला: ओपन स्पेसमध्ये वृक्षारोपण. एकमताने मंजूर.

पहिल्यांदा गुलमोहर लावला. फोटो काढला. त्या फोटोत कॉलनीतले सगळे काका आहेत, फक्त गुलमोहर दिसत नाही. भोवती विटा-सिमेंटचं पक्कं आळं समोरच्या टर्नरकाकांनी (कारखान्यातला हुद्दा हेच आमच्याकडे आडनाव) स्वतः बांधलं. "आत वतलेला थेंब भायेर जायचा न्हाई," ते अभिमानाने म्हणाले. आमच्याकडे नळाला दिवसाआड पाणी, त्यामुळे थेंबाची किंमत सगळ्यांना ठाऊक. मग पाणी घालायच्या शिफ्ट ठरल्या. फर्स्ट मामांची, सेकंड टर्नरकाकांची, आणि थर्ड कोपऱ्यावरच्या स्टोअरकीपरकाकांची. एक दिवस एकाने, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने, अशी ती वाटणी. कागदावर झकास होती.

गुलमोहराची पानं पिवळी पडली आणि तो गेला. टर्नरकाकांनी ओढला तर हातात अलगद आला. "मुळंच धरली न्हाईत. पानी कमी पडलं," त्यांनी निकाल दिला आणि मामांकडे पाहिलं. मामांनी स्टोअरकीपरकाकांकडे पाहिलं. स्टोअरकीपरकाकांना बघायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी चहा घेऊन आलेल्या माझ्याकडे पाहिलं.

मग करंज लावला. पुन्हा फोटो. तोही पिवळा पडला, तोही गेला, आणि निकालही तोच: पाणी कमी पडलं. या काळात माझ्या घरात काय चाललं होतं ते सांगते. माझ्या बादल्या मोजल्या जात होत्या. "धुन्याला एवढं पानी लागतं व्हय गं?" असं मामा मला विचारायचे, आणि पिंप मात्र संध्याकाळपर्यंत तळाला गेलेलं असायचं. कुंडीतल्या कढीपत्त्यासाठी मी तांदळाचं धुवण बाजूला ठेवायची, तेसुद्धा नाहीसं व्हायला लागलं. मी संशय कामवालीवर घेतला, मग मांजरावर घेतला. धुवणाला मांजर तोंड लावत नाही हे कळत होतं, पण घरातल्या माणसांवर संशय घेऊन राहायचं कुठे?

एवढ्यात वॉर्डाच्या नगरसेवकाकडून निरोप आला. ओपन स्पेसमध्ये पत्र्याची शेड बांधून देतो, खाली फरशी, वर पाटी. पाटीवर नाव अर्थातच त्यांचं. मंडळाला ही कल्पना फार आवडली. शेडला पाणी घालावं लागत नाही.

आत्यांना कळलं तेव्हा त्या कित्येक दिवसांनी तडकून बोलल्या. "नगरच्या उन्हात पत्र्याखाली बसायला मी काय भाकर हाय का, भाजून निघायला? आन् एकदा फरशी झाली की तिथं झाड लागायचं न्हाई परत. माझ्या जिवात जीव हाय तवर मला झाडाखाली बसू द्या." मामांनी पेपर तोंडासमोर धरला. बोलले असते तर ऐकायला लागलं असतं. मग आत्यांनी भावाला फोन केला. मिरजगावहून त्यांच्या शेताच्या बांधावरचं लिंबाचं रोप मातीसकट तेलाच्या डब्यात बसून एसटीने आलं. मंडळाने मोठ्या मनाने मुदत दिली: हे लागलं तर ठीक, नाहीतर शेड.

रोप लागलं. चार नवी पानं फुटली, आणि पाचव्याला पिवळेपणा आला. आत्या खिडकीत उभ्या राहून बघायच्या आणि जेवताना भात चिवडत बसायच्या. मला तर रडूच यायचं, आणि एका रोपापायी रडू येतंय म्हणून रागही यायचा.

त्या रविवारी मीटिंगमध्ये एकच विषय होता: शेड. पाण्याची पाइपलाइन कुठेतरी फुटल्यामुळे सकाळचं पाणी आलेलं नव्हतं, त्यामुळे सगळेच वैतागलेले. लिंबाचा काही भरवसा नाही, नगरसेवकांना आजच होकार कळवू, असं मामा जड आवाजात म्हणत होते. आत्या आतल्या खोलीत दाराशी खुर्ची घेऊन बसल्या होत्या. मी चहाचा ट्रे धरून उभी. हात वर करायची वेळ आली, दोनतीन हात वर झालेही, आणि तेवढ्यात बाहेर कुणीतरी ओरडलं, "पाणी आलं!"

सभा जागच्या जागी बरखास्त झाली. अध्यक्षांसकट सगळे चपला शोधत पळाले. दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात माणसाला आधी नळ, मग लोकशाही. मीही ट्रे टाकून पिंप भरायला धावले. फाटकाजवळ पाइप धरून उभी होते, म्हणून पुढचं सगळं मला दिसलं.

आधी आमच्याच घरातून मामा बाहेर आले. हातात भरलेली बादली. इकडेतिकडे बघत रस्ता ओलांडून लिंबाकडे निघाले. त्याच वेळी समोरच्या फाटकातून टर्नरकाका आले, दोन्ही हातांत दोन बादल्या. कोपऱ्यावरून स्टोअरकीपरकाका, त्यांच्याकडे घागर. तिघे आळ्यापाशी एकदम पोचले आणि एकमेकांकडे बघत उभे राहिले.

"आज तर माझी शिफ्ट हाय," मामा म्हणाले.

"हाय ना," टर्नरकाका म्हणाले. "पन तुमच्यानं बादली उचलवायची न्हाई, म्हनून मी रोजच दोन टाकतो. आल्तो तुमचं भरून काढायला."

"मीबी रोजच टाकतो," स्टोअरकीपरकाका म्हणाले. "तुमी दोघं इसरता म्हनून."

"आन् मी काय करतो मग?" मामांचा आवाज चढला. "सकाळी अंधारात उठून मीच घालतो रोज, तुमी दोघं कामचुकार म्हनून!"

पुढे सरकायला म्हणून स्टोअरकीपरकाकांनी आळ्यात पाय टाकला. पाय आत गेला. पाय वर आला, पण चप्पल आली नाही. त्यांनी वाकून चिखलात हात घातला, तशी कुजकी घाण येऊन तिघांनी नाक धरलं. टर्नरकाकांच्या पक्क्या आळ्याने आपलं काम चोख केलं होतं. आतला थेंब खरंच बाहेर गेला नव्हता.

मी हसू दाबत होते, तोच माझ्या मागे काठीचा आवाज आला. आत्या! एका हातात काठी, दुसऱ्या हातात तांब्या. तांब्यात माझं तांदळाचं धुवण. त्या बिचाऱ्या सगळ्यांच्या मागून, कुणाच्या लक्षात येऊ नये अशा बेताने रस्ता ओलांडत होत्या. समोर तिघांना बघून जागीच थांबल्या.

"तूसुद्धा?" मामा म्हणाले.

"मग काय करू?" आत्या म्हणाल्या. "मला वाटलं तुमी मीटिंगाच घेत बसलाय. तुमच्या भरवशावर ऱ्हायले आसते तर..." आणि त्यांची नजर चिखलात गेली. शेतकऱ्याची लेक ती, पुढचं कुणी सांगायची गरज नव्हती. तांब्यातलं पाणी त्यांनी रस्त्यावर ओतलं. "पानी पाजून मारली की गं बाई आपन दोन झाडं, आन् ह्ये तिसरंबी मारत हुतो," त्या म्हणाल्या, आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसायला लागल्या. तिथे मग मीही हसले, आणि मीही डोळे पुसले.

आळं टर्नरकाकांनी स्वतः पहारीने फोडलं. स्वतःचं पक्कं बांधकाम स्वतः फोडायचं म्हणजे त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. चप्पल निघाली. ओली माती उपसून कोरडी घातली. शेडचा ठराव पुन्हा आला नाही. नगरसेवकांची पाटी पलीकडच्या कॉलनीत लागली आणि तिथल्या पत्र्याखाली आता दुपारी कुत्रीसुद्धा बसत नाहीत. आत्यांनी फर्मान काढलं: माझ्या तोंडातून निघाल्याबिगर लिंबाला कुणी पाण्याचा थेंब दाखवायचा नाही.

तिघं बेकार झाले. पण वेळ झाली की यायचे. हात मागे बांधून लिंबासमोर उभे राहायचे, एखादं पान उलटून बघायचे आणि परत जायचे. मामांना तर बादलीशिवाय चालणंच जमेना. रोज बादली घेऊन निघायचे आणि दारात थांबून विचारायचे, "आज घालू का?" आत्या म्हणायच्या, "नगं." आठपंधरा दिवसांनी कधीतरी "घाला अर्धी" म्हणायच्या, त्या दिवशी मामांचा चेहरा फुललेला असायचा.

दोन उन्हाळे असे गेले. या उन्हाळ्यात एका रविवारी जेवणं झाल्यावर आत्या म्हणाल्या, "माझी खुर्ची बाहेर ने." मी खुर्ची नेऊन लिंबाखाली ठेवली. सावली म्हणजे काय, सुपाएवढी. आत्या बसल्या तर डोकं आणि एक खांदा सावलीत, बाकी सगळं उन्हात. समोरच्या घरातून टर्नरकाकू लसणाची टोपली घेऊन आल्या. पदर डोक्यावर ओढून त्या खुशाल उन्हात बसल्या. मग आणखी एक आली. कचऱ्याची पिशवी ठेवून पळणारा इसम कोण यावर चर्चा सुरू झाली, आणि दहा मिनिटांत त्याचा निकालही लागला. आमच्या मंडळाला इतकी वर्षं तो सापडला नव्हता. आत्यांचा आवाज थेट माझ्या स्वयंपाकघरापर्यंत येत होता. मी गॅस बंद करून नुसती ऐकत उभी राहिले.

तेवढ्यात मामा निघाले. हातात बादली, रिकामीच. बायकांच्या बैठकीपासून जरा लांब उभे राहून त्यांनी रोजच्यासारखं विचारलं, "आज घालू का?"

आत्यांनी लसूण सोलता सोलता मान वर केली. एकदा झाडाकडे बघितलं, एकदा मामांकडे. मग खुर्ची थोडी बाजूला सरकवली.

"नगं," त्या म्हणाल्या. "ती बादली उपडी घाला आन् बसा हितं."