एका चित्रासमोर तासभर

अशा लांब काय बसता पोरींनो? सरका जरा इकडे. आणि तो फोन आधी पालथा ठेवा. चित्रासमोर जायचं, फोटो काढायचा आणि पुढे पळायचं, ही काय तऱ्हा झाली तुमची! आमच्या ताईंनी हातच धरला असता तुमचा. "एकच बघायचं, पण बघायचं," असं त्या म्हणायच्या.

ताई म्हणजे इथे अमेरिकेत, शुगर लँडला आमच्या मागच्या रस्त्यावर लेकीच्या घरी राहायच्या त्या. माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या, नागपूरला बँकेतून रिटायर झालेल्या. सकाळी सातलाच घामाच्या धारा लागतात इथे, तरी आम्ही दोघी चालायला निघायचो. ती एकुलती एक लेक मात्र तेव्हा इटलीत, टस्कनीमधल्या डोंगरावरच्या एका गावात शिकवायला होती. ताई दर उन्हाळ्यात तिच्याकडे जायच्या. एका वर्षी मलाही ओढून नेलं.

काय सांगू तुम्हाला! त्या गावात रोज काहीतरी असायचंच. जुन्या मठाच्या ओसरीत चित्रं, संध्याकाळी चौकात बँड. बँड ऐकायला गावातली म्हातारी माणसं घरातून आपापली खुर्ची घेऊन यायची. ताईंनी दुसऱ्याच दिवशी लेकीच्या डायनिंग टेबलाची खुर्ची उचलली. "बघत काय बसलीस? एक तूही घे!" आम्ही दोघी साड्या खोचून, डोक्यावर खुर्च्या घेऊन चढ चढतोय. अख्खं गाव टाळ्या वाजवत होतं.

एकदा प्रदर्शन एका चर्चमध्ये होतं. ताईंनी दारातच चपला काढल्या. मीही काढल्या, देवाचं घर ना ते! तासाभराने बाहेर येतो तर दाराशी बुटांची ओळच लागलेली. आमच्या चपला बघून मागून येणारे सगळे काढत गेले. एक अमेरिकन साहेब मोज्यांवर उभे. त्यांनी हळूच विचारलं, "कंपल्सरी आहे का?" ताई गंभीरपणे म्हणाल्या, "यस, यस. व्हेरी गुड फॉर नीज." तिथला राखणदार कपाळाला हात लावून बसला होता.

पण चर्चमधला तो तासभर. मी आपली या भिंतीवरून त्या भिंतीवर. ताई एकाच चित्रासमोर बाकावर. मांडीवर बाळ घेतलेली आई होती त्यात. शेवटी मलाही खाली बसवलं.

"बाळ कुठे बघतंय?"

"आईकडे."

"आणि आई?"

मी बघितलं. आई बाळाकडे बघतच नव्हती. लांब कुठेतरी नजर.

"काहीतरी कळलंय तिला," ताई म्हणाल्या. "पण धरलंय बघ कसं घट्ट."

मागच्या एप्रिलमध्ये त्या म्हणाल्या, "यंदा चल गं. लेक परत येतेय अमेरिकेत. मग तिकडे आपलं घर नाही राहणार." मी म्हटलं, "ताई, नातीचं ग्रॅज्युएशन आहे हो. पुढच्या वर्षी नक्की." "बरं," म्हणाल्या. त्यांनीही तिकीट कॅन्सल केलं. मला वाटलं, मूड नसेल.

नंतर त्यांच्या लेकीकडून कळलं. डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता, फार तर वर्षभर नीट दिसेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. विमानतळावरचे बोर्ड त्यांना वाचता येत नव्हते, म्हणून सोबत हवी होती. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. आणि मी तरी कशी? रोज बरोबर चालत होते, फुटपाथची कड आली की त्या माझा दंड धरायच्या. मला वाटायचं, माया आहे.

आता त्या लेकीच्या नव्या घरी, इथून खूप लांब बॉथेलला असतात. मागच्या रस्त्यावरच्या घरात दुसरं कुटुंब आलंय, चांगली माणसं आहेत. मी सकाळी एकटीच चालते.

परवा त्यांचा फोन आला. मी रडायलाच लागले. "ताई, माझ्यामुळे राहिलं हो तुमचं."

"गप गं. बघून झालंय माझं ते. चेहरे नाही दिसत आता, पण रंग कळतात अजून. तुझी ती जांभळी साडी आहे ना, ती नेसून ये. दारात उभी राहिलीस की मी ओळखीन."

फोन ठेवता ठेवता म्हणाल्या,

"पण लवकर ये हं."