बेचाळीस मीटर तार

सकाळपासून धुकं असं बसलं होतं की समोरच्या दुकानाची पाटी वाचता येईना. टेलरने पुढच्या खोलीचं दार उघडलं, मशीनला दोन थेंब तेल दिलं, इस्त्री तापायला लावली आणि कापड बेतायच्या टेबलाचा अर्धा भाग रिकामा केला. तो अर्धा भाग तीन महिन्यांपासून लेकीचा होता. लेक दहा वर्षांची, अंगानं काटकुळी आणि बोलायला टोकदार, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणत.

परीक्षा परवावर आली होती. निवासी शाळेची प्रवेश परीक्षा. चाळीस जागा, राहणं-खाणं-पुस्तकं सगळं शाळेकडून, आणि वयाची अट अशी की बसायचं एकदाच. इथली शाळा पाचवीलाच संपत होती. पुढं काय, ते टेलरने घरातच पाहिलं होतं. त्याची धाकटी बहीण याच खिडकीखाली बारा वर्षं काज-बटणं करत बसली आणि तिशीच्या आत सुईत दोरा ओवायला दुसऱ्याला हाक मारू लागली. टाचणीचं तसं होऊ द्यायचं नव्हतं. म्हणून सातवी पास बाप स्वतःच मास्तर झाला.

जुन्या प्रश्नपत्रिका मिळाल्या होत्या, उत्तरं मात्र मिळाली नव्हती. टाचणी सोडवायची, बाप मशीनवर पाय तसेच ठेवून तपासायचा. गणितात पोरगी हमखास नव्वदच्या पुढं. बायको कारखान्यातून आली की विचारायची, खरंच पडतात का हो एवढे, की लाडानं देताय? त्यावर टेलर म्हणायचा, मापात मी सख्ख्या भावालाही सोडत नाही.

त्या सकाळी निवृत्त गुरुजी पँटची कंबर सैल करून घ्यायला आले. टेलर टेप शोधेस्तोवर त्यांनी सहज टाचणीची वही ओढली. दोन पानं उलटली, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

“टेलर, हे तपासलं कुणी?”

“मीच की.”

“बाग बारा मीटर लांब, आठ मीटर रुंद. कुंपणाला तार किती? पोरीनं बेचाळीस लिहिलंय. आणि तुम्ही बरोबरची खूण केलीय.”

“हिशेबानं चाळीसच होते, गुरुजी. पण तार खांबाला गुंडाळायला नको? दोनेक मीटर जास्तीची धरावीच लागते.”

गुरुजी हसले नाहीत, तेच टेलरला लागलं. त्यांनी पुढचं गणित दाखवलं. नव्वद सेंटिमीटर रिबिनीचे पंधरा सेंटिमीटरचे तुकडे किती? टाचणीनं पाच लिहिले होते. कडा दुमडायला प्रत्येक तुकड्याला थोडी रिबीन जास्त नको का? तिथंही बापाची खूण होती. पेन्सिलीनं मोजत गुरुजींनी एका पेपरात अशी अकरा गणितं काढली. परीक्षेत असं वाढवून लिहिलं तर एकही गुण मिळत नाही, असं सांगून ते कंबर न मोजताच गेले.

टेलर खुर्चीत बसला तो उठेना. अंगाच्या मापाला कधी कापायचं नाही, शिवणीला जास्तीचं सोडायचं, हे त्यानं पोरीला ती चालायला लागल्यापासून ऐकवलं होतं. आता दीड दिवसात ते तिच्या डोक्यातून काढायचं होतं. चाळीस जागांसाठी हजारभर पोरं येणार, त्यात अकरा गणितं गेली म्हणजे सगळंच गेलं.

“जेवढं विचारलं तेवढंच लिहायचं,” त्यानं सांगितलं.

“आणि तार कमी पडली तर?”

“पडू दे.”

शिवणकामाच्या तीस वर्षांत असं तो कशाबद्दलच बोलला नव्हता.

टाचणीनं मान हलवली खरी, पण संध्याकाळपर्यंत तिचा सगळा घोळ झाला. साध्या बेरजेतही तिला वाटायचं, आपण काहीतरी वाढवलंय. बरोबर आलेलं उत्तर ती खोडायची, परत लिहायची, परत खोडायची. एका पानाला तर भोक पडलं. मग तिनं खोडरबर खाली ठेवला आणि विचारलं, चुकीचं होतं तर तीन महिने बरोबर का देत होतात? टेलर इस्त्री बघायला उठला. इस्त्री दुपारपासून गार पडली होती.

परीक्षेच्या दिवशी तो फाटकाबाहेर तीन तास उभा होता. खिशातली टेप बोटाला गुंडाळत होता, सोडत होता. शेजारी उभे असलेले एक वडील क्लासच्या सरांबद्दल सांगत होते. टेलरने त्यांना, मुलीला कोण शिकवतं, हे सांगितलं नाही.

टाचणी बाहेर आली. बरंच चालून झाल्यावर त्यानं विचारलं, मापाची गणितं आली होती का? आठ-नऊ होती, ती म्हणाली. एका चित्राला चारी बाजूंनी पट्टी लावायची होती. आधी एक उत्तर लिहिलं, मग खोडलं.

“मग शेवटी कुठलं ठेवलंस?”

ती चालत राहिली. रस्ता ओलांडून झाल्यावर म्हणाली, “बाबा, शिवून दिलंय. आता उसवत बसू नका.”

निकाल महिन्यानं होता. तोंडावर आलेला पुढचा प्रश्न टेलरने गिळला. घरी येऊन त्यानं चपला काढल्या, मशीनवरचं कापड बाजूला सारलं. बॉबिन रिकामी होती. पांढरा दोरा अडकवून तो ती भरायला लागला.