पुतळेबाईंची सुट्टी

पुतळेबाईंचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं कुणाला तरी आठवायचं. एरवी शिपायापासून प्रोफेसरांपर्यंत अख्खी इमारत त्यांना पुतळेबाईच म्हणायची. त्यांचं काम मेंदूचे फोटो काढण्याचं. खोलीभर पसरलेलं ते एमआरआयचं धूड, त्याच्या बोगद्यात आडवा झालेला जीव आणि काचेपलीकडे माइकसमोर बसलेल्या बाई. "चला राजे, आता पुतळा व्हायचं. श्वास घ्यायला परवानगी आहे, नाक खाजवायला नाही." आतून हसू ऐकू आलं की बाई ते विरेपर्यंत थांबायच्या आणि मगच बटण दाबायच्या. यंत्राची ठोकाठोकी सुरू झाल्यावर मान जराशी जरी हलली तरी फोटो पुसट येतो, आणि पुसट फोटोचा कुणालाच उपयोग नसतो.

आत झोपणारी सगळी मुलं सोळा-सतरा वर्षांच्या आसपासची. घरात ताटावर सुद्धा धड न बसणारी ही पोरं बाईंच्या आवाजावर लाकडासारखी पडून राहायची. पूर्वीच्या टेक्निशियनकडे निम्मे फोटो वाया जात. बाई आल्यापासून क्वचित एखादा. बाईंना याचा अभिमान होता आणि तो त्या लपवतही नसत. लपवावं कशाला, कमावलेला होता.

संशोधन होतं बायपोलर नावाच्या आजारावर. माणूस काही महिने वाऱ्यावर स्वार होतो, झोप नको, जेवण नको, डोक्यात शंभर बेत. आणि मग एक दिवस असा खाली येतो की अंथरुणातून उठणंही जड व्हावं. तरुण वयात या झोक्यांची सुरुवात होताना मेंदूत काय बदलतं, हे शोधायचं होतं. त्यासाठी तीन तऱ्हेची मुलं घेतली होती. काहींना मनाचा आजार सुरू झालेला. काही स्वतः ठणठणीत, पण आई किंवा वडील आजारी, म्हणून जोखमीतली. आणि तिसरी तुलनेपुरती, ज्यांच्या घरात असलं काहीच नाही. कोणतं मूल कोणत्या गटातलं, हे बाईंना मुद्दाम सांगायचं नाही असा नियम होता. कळलं तर आवाज बदलतो, एखाद्याला जास्त गोंजारलं जातं, आणि मग फोटोत आजार दिसतोय की बाईंची माया दिसतेय हे कुणी सांगू शकत नाही. बाईंना हा नियम पटलेला होता. "मला आंधळं ठेवलंय तेच बरं," त्या म्हणायच्या. "सगळी पोरं माझीच."

संशोधनाच्या प्रमुख डॉक्टर मॅडम. बाई आणि मॅडम दुपारचा डबा एकत्र खायच्या. मॅडमच्या घटस्फोटात रडायला खांदा बाईंचा होता. बाईंच्या सासूच्या आजारपणात धावाधाव मॅडमनी केली होती. एके दिवशी डबा खाताना मॅडम म्हणाल्या, "निरोगी मुलं मिळत नाहीत हो. ज्यांच्या घरात काही नाही त्यांना इथे यायचं नसतं." बाई लगेच बोलून गेल्या, "माझी लेक घ्या की. आमच्या दोन्हीकडच्या खानदानात वेडाचा वाराही नाही. असलाच तर माझ्यात थोडा आहे."

मॅडम हसल्या. एकच अडचण होती. तिथे नोकरी करणाऱ्याला स्वतःच्या मुलासाठी संमती देता येत नसे. म्हणून लेकीबरोबर बाईंचे यजमान गेले, मुलाखतीला बसले आणि सही करून आले. दुसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "घेऊ आपण तिला." बाईंनी त्या आनंदात डब्यातला निम्मा वाटा त्यांना वाढला.

लेकीचा फोटो बाईंनीच काढला. "राणीसरकार, पुतळा," त्या माइकमधून म्हणाल्या. लेक हसली नाही. पापणीसुद्धा न हलवता पडून राहिली. असा स्वच्छ फोटो वर्षभरात आला नव्हता, आणि बाई पुढे कितीतरी दिवस सगळ्यांना सांगत होत्या की शेवटी लेक कुणाची आहे.

यजमान शाळेत चित्रकला शिकवायचे. मास्तर म्हणजे लाघवी माणूस. वर्गातली पोरं त्यांच्यावर जीव टाकायची. कधी लहर लागली की मास्तर आठवडेच्या आठवडे रंगवत सुटत, स्वयंपाकघराच्या भिंतीसुद्धा त्यातून सुटल्या नव्हत्या. बाई कौतुकानं म्हणत, कलावंत माणूस, चालायचंच. आणि मास्तरांना पाठीचं दुखणं होतं. दुखणं म्हणजे साधं नव्हे. ते आलं की मास्तर भिंतीकडे तोंड करून पडत ते दीड-दोन महिने उठत नसत. बोलणं नाही, अंघोळ नाही. "पाठ धरलीय गं," एवढंच. बाई कामावर जाण्याआधी आणि आल्यावर गरम पाण्याच्या पिशवीनं ती पाठ शेकत. मलम चोळत. शाळेत रजेसाठी खेटे घालत. इतक्या वर्षांत बाईंचे स्वतःचे खांदे गेले, पण मास्तरांची पाठ काही सुधारली नाही.

एकदा तर बाईंनी मॅडमची परवानगी घेऊन मोकळ्या वेळात मास्तरांना आपल्याच यंत्रात घातलं आणि मणक्याचा फोटो काढला. आधीचे ठरलेले प्रश्नही विचारले, कारण नियम म्हणजे नियम. अंगात कुठे धातू? नाही. शस्त्रक्रिया? नाही. चालू औषधं? मास्तर म्हणाले, "तुझ्या हातच्या चहाशिवाय काही नाही." बाई लाजल्या होत्या. फोटोत मणका नवा कोरा निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, पाठ उत्तम आहे. बाईंनी घरी येऊन पुन्हा पाणी तापवलं. यंत्राला सगळंच कुठे दिसतं, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

यंदा संशोधनाचा पुढचा भाग सुरू झाला. जोखमीतल्या मुलांच्या आजारी आईवडिलांचेही मेंदू तपासायचे, म्हणजे आजाराची खूण एका पिढीतून दुसरीत कशी उतरते ते कळेल. या पालकांना फक्त नंबर दिलेले असत, नावं मॅडमकडे. मोठी माणसं यायची, मान खाली घालून यायची, आणि बाई त्यांच्याशीही तितक्याच मायेनं बोलायच्या.

त्या दिवशी बाईंची सुट्टी होती. बहिणीकडे जायचं ठरलं होतं. निघणार तेवढ्यात जोडीदार टेक्निशियनचा फोन आला. त्याची मुलगी शाळेच्या जिन्यावरून पडली होती. "बाई, एकच माणूस आहे हो, पालकांपैकी. कपडे बदलून बसलाय. तुम्ही याल का?" बाईंनी बहिणीला नंतर येते म्हणून कळवलं आणि मागच्या दारानं आत आल्या. कपडे बदलायच्या खोलीचा पडदा सारत त्या म्हणाल्या, "आलेच हं, जरा खोळंबा झाला."

बाकावर मास्तर बसले होते. अंगात तो मागून बांधायचा ढगळ निळा झगा, पाय अनवाणी, हातात चष्मा.

बाईंना पहिल्यांदा वाटलं, मास्तर आपल्याला भेटायला आलेत. मग वाटलं, पाठ दुखतेय. मग मास्तर बोलले.

"तू आज सुट्टीवर होतीस ना?"

इथे या झग्यात मोठी माणसं बसतात ती फक्त आजारी पालक म्हणून, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. त्यांच्या तोंडातून रोजचेच प्रश्न बाहेर पडले.

"अंगात कुठे धातू?"

"नाही. अगं, ऐक तर."

"शस्त्रक्रिया?"

"नाही."

"चालू औषधं?"

मास्तरांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. "लिथियम." इथे येणाऱ्या बहुतेक आजारी पालकांच्या कागदावर बाईंनी त्याच औषधाचं नाव लिहिलं होतं.

"कधीपासून?"

"लग्नाच्या आधीपासून. शाळेतल्या कपाटात ठेवतो, रंगांच्या मागे. अधूनमधून सोडतो, मग पाठ..."

"पाठ काय, अहो? पाठ काय?" बाईंचा आवाज चढला नाही, पण त्यातला राजे-राणीसरकारवाला गोडवा कुणीतरी पुसून काढला होता. "माझे हात भाजले त्या पिशवीनं. आणि तुम्ही मला शेकू दिलंत?"

"बरं वाटायचं," मास्तर म्हणाले. आणि ते खरंच असावं, म्हणून तर बाईंना जास्त चीड आली.

मॅडमना कुणीतरी कळवलं असणार. त्या दारात उभ्या होत्या. "पुतळेबाई, मला बोलायची मोकळीक नव्हती. त्यांनी मुलाखतीत सांगितलं, ते गुपित ठेवणं माझ्यावर बंधनकारक होतं. तुम्हाला नियम माहीत आहेत."

"माहीत आहेत," बाई म्हणाल्या. "पण मग लेकीला परत पाठवायचं होतंत. म्हणायचं होतंत, नको, वयात बसत नाही, काहीही. मी तिला निरोगी म्हणून दिली होती. तुम्ही तिला घेतलंत जोखमीतली म्हणून."

"जोखमीतली मुलं मिळणं तर त्याहून अवघड असतं," मॅडम हळूच म्हणाल्या. लगेच त्यांनाही ते बोलल्याचं वाईट वाटलं, पण शब्द तोंडातून गेला होता. लेकीला घेतल्यानंतरची दोन वर्षं या मॅडमनी रोज समोर बसून आपल्या डब्यातलं खाल्लं, लेकीची चौकशी केली, झोप नीट लागते ना, चिडचिड नाही ना करत, असं विचारलं. बाईंना वाटायचं, किती ही माया. ती चौकशी अभ्यासाची होती. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि कापून घेताना आपणच मान पुढे केली होती, हे बाईंना जास्त लागलं.

तरी त्यांनी फोटो काढला. हाताला सवय होती. मास्तरांना फळीवर झोपवलं, कानात बोळे घातले, डोक्याच्या दोन्ही बाजूंना उशा दाबून बसवल्या आणि काचेपलीकडे जाऊन बसल्या. ठोकाठोकीच्या दोन फेऱ्यांमध्ये बाई नेहमी काहीतरी बोलत, म्हणजे आतल्या माणसाला एकटं वाटू नये. आज माइक गप्प होता. पहिली फेरी संपल्यावर आतून मास्तरांचा बारीक आवाज आला. "आहेस ना तिथे?"

बाईंनी बटण दाबलं. "हलू नका," म्हणाल्या, आणि पुढची फेरी सुरू केली. फोटो चांगला आला. मेंदू काही वेगळा दिसत नव्हता. इतक्या वर्षांत कुणाचाच दिसला नव्हता. ते वेगळेपण शेकडो फोटोंच्या बेरजेत कुठेतरी सापडतं म्हणे, एका माणसाच्या चेहऱ्यावर नाही.

काम झाल्यावर बाई बाहेर आल्या. पालकाला घरी न्यायला कुणीतरी बरोबर असावं लागतं. बाकावर लेक बसली होती, कॉलेजची पिशवी मांडीवर घेऊन. आईला पाहून तिनं पिशवी छातीशी धरली.

"तुला कधीपासून माहीत?" बाईंनी विचारलं.

"मुलाखतीपासून. बाबांनी माझ्यासमोरच सांगितलं."

म्हणजे त्या स्वच्छ फोटोच्या वेळी पोर आत सगळं जाणून पडली होती, आणि बाहेर आई तिच्या खानदानाची फुशारकी मारत होती. बाई तिच्याशेजारी बसल्या. "तुला होईल की काय, याची भीती वाटते?"

"वाटते. कधी खूप आनंद झाला तरी वाटते."

"मग मला का नाही सांगितलंस गं? दोन वर्षं एकटीनं काढलीस?"

लेक पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिली. "बाबा म्हणाले, आईला कळलं तर ती आपल्याला सोडून जाईल."

आजार लपवला, ते एक वेळ पचलं असतं. माणूस घाबरतो, लग्न मोडेल म्हणून गप्प बसतो, मग गप्प बसण्याचीच सवय होते. पाठीचंही बाईंनी कधीतरी सोडून दिलं असतं. पण स्वतःचं गुपित सांभाळायला या माणसानं पोरीला आईचीच भीती घातली. ज्या वयात तिला धावत येऊन कुशीत शिरायचं होतं, त्या वयात ती आईसमोर जपून हसत होती, जपून रडत होती.

"आणि तुला ते खरं वाटलं?"

"वाटायचं," लेक म्हणाली. मग मान वर करून तिनं सरळ विचारलं, "जाणार आहेस का?"

कितीतरी घाबरलेल्या पोरांना बाईंनी त्या काचेमागून हां हां म्हणता धीर दिला होता. आता मात्र 'नाही' हा एवढासा शब्द खोटा ठरला असता. कारण त्या घडीला त्यांना खरंच निघून जायचं होतं. मागे दार उघडलं. मास्तर कपडे करून, केस नीट बसवून उंबऱ्यात उभे राहिले होते.

बाईंनी लेकीचा हात घट्ट धरला आणि मास्तरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तुला सोडून नाही."