घाटकोपरची खोली आणि खडकावरचा मठ

ग्रीसला मला कोणी हौसेने नेलं नाही. मुलगी आणि जावई लग्नाच्या पंचविसाव्या वर्षाची सहल म्हणून निघाले होते आणि मला मागे एकटी ठेवायची त्यांची तयारी नव्हती. शेजारणीने मुलीच्या कानावर घातलं होतं की तुझी आई पायऱ्यांवर मध्येच बसलेली दिसते. माझी खोली घाटकोपरला टेकडीवर आहे. रस्त्यापासून दारापर्यंत पायऱ्याच. मी बसते ती बोलायला, पण गुडघा दुखतो हेही खरं. मुलीने ठरवून टाकलं, खोली विकायची आणि आईने मुलुंडला आपल्याकडे राहायचं. आम्ही परतलो की एजंट गिऱ्हाईक घेऊन येणार होता.

मुलुंडचं घर चांगलं आहे. लिफ्ट आहे. पण तिथे मी पाहुणी. घाटकोपरची खोली मी आणि नवऱ्याने बांधली. दोघं दगडाच्या खाणीवर कामाला होतो. सुट्टीच्या दिवशी भिंत चढवायचो.

अथेन्सला भाड्याची गाडी घेतली. तिकडे सगळं उलट्या बाजूला. जावई वळण आलं की सिग्नल द्यायला जायचा आणि वायपर सुरू व्हायचा. कडक उन्हात आमचा वायपर चालू.

पहिला मुक्काम डेल्फी. डोंगराच्या उतारावर जुनी देवळं, बहुतेक पडलेली. कुठला राजा देवाला काय विचारायला आला, ते जावई मोबाइलवर वाचून दाखवत होता. मी दगड बघत होते. खांब अख्ख्या दगडाचे नाहीत, जात्याच्या तळीसारखे गोल तुकडे एकावर एक बसवलेत. एक भिंत अशी की तिच्या दगडांना सरळ चार कोपरे नाहीतच. कुणाला पाच, कुणाला सात, आणि मध्ये चुना नाही, तरी फटीत सुरी जाणार नाही. असं बसवायला किती वेळा दगड उचलून परत ठेवावा लागला असेल ते मला माहीत आहे, जावयाच्या मोबाइलला नाही. मी हात लावला तर राखणदाराने शिट्टी मारली. मग मी समोर बसून बघत राहिले. मुलीने वेगळा अर्थ काढला.

"बसलीस ना? मी म्हणतच होते."

"भिंत बघतेय गं."

"हो, भिंत. पुढे मेटेओराचा मठ बघायला जाऊ, तेव्हा तू खाली गाडीतच बस हं. तिथे पायऱ्याच पायऱ्या आहेत."

गाडीत मी विषय काढला. म्हटलं, "मी मठापर्यंत चढले तर खोली विकायची नाही."

"आणि नाही चढलीस तर?"

"तर आण तुझा एजंट. सही करते."

जावई आरशात माझ्याकडे बघून बायकोला म्हणाला, "कबूल करू नकोस. या चढतील."

"तू पुढे बघ. वायपर लागलाय," ती म्हणाली. पण कबूल केलं.

मेटेओराला सपाट जमिनीतून खडक सरळ उभे राहिलेत आणि त्यांच्या माथ्यावर मठ. आमचे भिक्खू कान्हेरीला खडकाच्या पोटात राहिले, हे डोक्यावर राहिले. पूर्वी पायऱ्या नव्हत्या. माणसाला जाळ्यात घालून दोराने वर ओढायचे. पायऱ्या नंतर खोदल्या.

मी लुगडं नेसते, काष्ट्याचं. पायात जावयाने घेतलेले बूट. पाटी डोक्यावर घेऊन खाण चढायची रीत असते. घाई करायची नाही. दम लागायच्या आधी थांबायचं, पण उभ्यानेच, कारण बसलं की गुडघा आखडतो. चांगला पाय आधी, दुखरा मागून. सुरुवातीला गोरी तरणी माणसं मला मागे टाकून गेली. थोड्या वेळाने तीच कठड्यावर बसून पाणी पीत होती, मी पुढे गेले.

अर्ध्याच्या वर एका वळणाला गुडघ्यात अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी. मी भिंतीला हात टेकला.

"आई, बस आता. पुरे झालं," मुलगी म्हणाली. आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं, घाबरली होती.

"बसले तर उठणार नाही. चल."

मठाच्या दारात तिकिटं देणारी बाई. तिने माझ्या पायांकडे बघितलं आणि नकाराची मान हलवली. तिथे बायकांना पॅन्ट चालत नाही, आणि तिच्या हिशेबी माझा काष्टा म्हणजे पॅन्टच. पॅन्टवाल्या बायकांसाठी कापडांचा ढीग ठेवला होता, त्यातलं एक तिने पुढे केलं. मुलगी सांगून थकली की ही साडी आहे. बाई माझ्या पोटऱ्यांकडे बोट दाखवायची.

"दारातून परत गेलो तर तू चढलीस असं धरायचं नाही हं," मुलगी मला म्हणाली. आता तिला हसू येत होतं.

नऊ वार अंगावर असताना मी दुसऱ्याचं कापड कशाला गुंडाळू? भिंतीच्या आड गेले, मागचा खोचा काढला, निऱ्या पुढे सोडल्या. लुगडं घोट्यापर्यंत गोल उतरलं. बाहेर आले तर बाईने हातातलं कापड ढिगावर ठेवलं आणि बाजूला झाली.

आत देवळात अंधार, मेणबत्त्या, आणि भिंतभर चित्रं. बऱ्याच चित्रांत संतांची मुंडकी उडवणं चाललंय. मी मेणबत्ती लावली नाही, तो माझा देव नाही. बाहेर जाळं ओढायचा जुना लाकडी रहाट होता, तो नीट बघितला. मग कठड्याशी गेले. खालचं गाव काड्यापेट्या मांडल्यासारखं दिसत होतं आणि आमची गाडी दिसतच नव्हती. मला फार बरं वाटलं. आयुष्यात मी बरंच वर चढले, पण दर वेळी काहीतरी वाहायला. त्या दिवशी डोक्यावर काही नव्हतं.

मुलीने तिथूनच एजंटला फोन लावला. "गिऱ्हाईक आणू नका. खोली द्यायची नाही." तो कारण विचारत असावा. ती म्हणाली, "आई देत नाही म्हणून."

फोन ठेवल्यावर मी तिला सांगितलं, पावसाच्या आधी पत्रे बदलायचेत, एखाद्या रविवारी नवऱ्याला घेऊन ये. ती बरं म्हणाली.