आईला कळेपर्यंत

आज मी कॉलेजात शिकवते, ते होस्टेलमधल्या एका ताईमुळं. ती सारोळ्याची, माझ्या दोन वर्षं पुढं. मी जीवशास्त्रात नापास झाले तेव्हा आपणहून शिकवायला बसली. तिची अट मात्र वैताग आणणारी: धडा संपला की गावी वेल्ह्याला माझ्या आईला फोन लावायचा आणि तिला तो समजावून सांगायचा. शेळ्यांमागं फिरणारी आई दर वाक्याला विचारायची, "म्हंजी?" मी चिडायचे. ताई शांतपणे म्हणायची, "तुलाच कळलं न्हाई. परत सांग."

परीक्षा आली आणि फोनवरचे धडे थांबले. पास झाल्याचं सांगायला फोन केला, तर आई म्हणाली, "लई बरं झालं. पर काळ्या शेळीला पांढरं करडू का होतं, ते अर्धंच ऱ्हायलं की गं."