सातव्या घरचा नारळ

आमच्या गावात कुणी फुकट सोनं वाटायला आलं, तरी लोक आधी विचारतील, पहिला मान कुणाचा? मी हे कौतुकानं सांगत नाही. लालबागला आमच्या गावकीची एक खोली आहे. आजोबांच्या पिढीतले गिरणीवाले तिथे पाळीपाळीनं झोपायचे. आता तिथे कुणी झोपत नाही. महिन्याच्या एका रविवारी सभा भरते आणि भांडणं होतात. मी परळला राहते, इस्पितळात केसपेपरच्या खिडकीवर बसते, त्यामुळे भांडणाचं मला काही वाटत नाही. सभेत बाई म्हणून मी एकटीच.

दिवाळीनंतरच्या त्या सभेत विषय निघाला गावाकडच्या कृषीताईचा. शेती खात्यातली तरुण मुलगी, घाटावरची. कलम कसं बांधायचं, कुठल्या किडीवर काय फवारायचं, हे ती बागेत उभी राहून शिकवायची. आजूबाजूच्या गावांतल्या तिच्यासारख्यांच्या जागा रिकाम्या झाल्या त्या पुन्हा भरल्याच नाहीत, आणि ती सगळी गावं हिच्याच गळ्यात पडली. वर खात्यानं फिरतीचा खर्चही बंद केला. आमची वाडी डोंगरावर, सात घरांची. तिथवर ती पोर येणार कशी? आम्ही आधीच निवेदन दिलं होतं. खात्याच्या साहेबांनी चहा पाजला आणि निधी नाही म्हणून सांगितलं.

"मग आपणच करू की," कुणीतरी म्हणालं. खरं सांगते, त्या क्षणी मला माझ्या गावाचा अभिमान वाटला. महिन्यातून एक दिवस गावातली रिक्षा तिला खालून वर आणणार, जेवण वाडी घालणार. ज्याच्या घरी ती येईल त्याची बाग ती नीट बघणार आणि बाकीचे तिथेच जमून शिकणार. तिथूनच फोन लावले; ताई तयार होती, साहेबांचीही हरकत नव्हती. एरवी आमच्याकडे पंखा लावायचा की नाही यावर दोन तट पडतात, पण हे पटकन ठरलं.

मग एकानं विचारलं, "पहिल्यांदा कुणाकडे?"

झालं! सगळे आबांकडे बघायला लागले. आबा म्हणजे पहिल्या घरचे मानकरी, जन्म गिरणीत गेलेला, राहायला समोरच्याच चाळीत. शिमग्यात देवाची पालखी घरोघर जाते, ती आधी आबांच्या घरापुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात बसते आणि सगळ्यात शेवटी सातव्या घरच्या, म्हणजे माझ्या माहेरच्या खळ्यात.

"पालखीच्या क्रमानं," आबा म्हणाले. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. दुसरा कुठलाही क्रम लावला असता तर डोकी फुटली असती.

मी बोटांवर महिने मोजले. मार्गशीर्ष, पौष, माघ करत सातवं बोट ज्येष्ठावर आलं.

माझा भाऊ गेल्यापासून माहेरच्या घरात वहिनी एकटी असते. घरामागच्या उतारावर काजूची झाडं आहेत आणि तिचं वर्ष त्या काजूवर निघतं. त्या साली कोवळी पालवी काळी पडून गळत होती, तीही मोहोर यायच्या तोंडावर. मी तिच्याकडून फोटो मागवून ताईला पाठवले. ताई म्हणाली, फोटोत सगळंच करपलेलं दिसतं, झाड बघितल्याशिवाय मी औषध सांगणार नाही. बरोबरच होतं तिचं.

"ज्येष्ठात ती येऊन काय बघणार, सरपण?" मी उभी राहून विचारलं.

"बस गो खाली," कोपऱ्यातले एक काका म्हणाले. "लेकीबाळींनी मानात पडू नये. तू पाहुणी."

"वर्गणी मागताना बरी घरची असते मी!"

सगळे हसले. आबासुद्धा हसले. क्रम मात्र तोच राहिला.

वहिनीला फोन केला तर ती उलट माझ्यावरच उखडली. "क्रमाला हात लावू नको. तू भांडशील आणि परळला बसशील. मला इथं राहायचं हाय. उद्या माझा पाय मोडला तर उचलायला हीच माणसं येतील." मला राग आला, कारण तिचं खरं होतं. अशीच आहे ती. पालखी खळ्यात आली की ओटी भरायला शेजारची काकी पुढे होते आणि वहिनी दाराआड उभी राहते. विधवेनं पुढे व्हायचं नाही, ही रीत. मी त्यावरूनही गावात तोंड वाजवलंय. वहिनीनंच मला गप्प केलं होतं.

त्या आठवड्यात खिडकीवर बसून मी हाच विचार करत होते. क्रम वाईट, असंही मला म्हणवत नाही. गिरण्या गेल्या, पोरं लांब लांब राहायला गेली, तरी शिमग्याला कुणी कुठे उभं राहायचं हे आमच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. त्या धाग्यावरच हे गाव अजून गाव आहे. पण खात्याचे पैसे कमी पडले तेव्हा त्यांनी आधी कुणाला सोडलं? डोंगरावरच्या शेवटच्या वाडीला. आम्ही चिडलो, निवेदन लिहिलं. आणि आमच्या हातात महिन्याचा एक दिवस आला, तेव्हा आम्हीही शेवटचं घर शेवटीच ठेवलं. मग साहेबांना नावं ठेवायला आम्हाला तोंड कुठे उरलं?

शेवटी राहवेना. ड्यूटी संपल्यावर तशीच आबांच्या खोलीवर गेले. त्यांनी बसायला सांगितलं, स्वतःच चहा टाकला. मी हात जोडून म्हटलं, "आबा, पहिली पाळी वहिनीला द्या."

"मान म्हणजे काय रुमाल, की दिला काढून?" आबा म्हणाले. "बापाकडनं आला, पोराकडं जाणार. घराला सुतक असलं की माझा नारळ दुसऱ्याच्या खळ्यात ठेवतात, पालखी तिथं बसते. तरी मान माझाच असतो. समजलं?"

मला कुठलं समजतंय! माझं डोकं फिरलेलं. "तुमच्या घराला कुलूप आहे आबा. बागेत कमरेएवढं गवत. ती पोर एवढ्या डोंगरावर येणार आणि तुमचं गवत बघणार? कोंबडं झाकून उजाडायचं थांबतं का?"

आबांनी चहाची बशी खाली ठेवली आणि खिडकीबाहेर बघत राहिले. मी उठले. चपला घालून निघाले. रस्ताभर स्वतःलाच शिव्या दिल्या, कारण आता आबांचा राग वहिनीला भोगावा लागणार होता.

पुढच्या सभेला आबा आलेच नाहीत. त्यांच्या दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "गावाला गेले रात्रीच्या गाडीनं. एवढ्या गुडघेदुखीत! आणि सोबत काय, तर एक नारळ. जसं काय कोकणात नारळ मिळत नाहीत." मला काही उमगेना.

मार्गशीर्षातल्या ठरलेल्या दिवशी सकाळी वहिनीचा व्हिडिओ कॉल आला. ती दाराआड फोन धरून उभी. समोर आमचंच खळं. वाडीतली सगळी माणसं जमलेली, कडेला कृषीताई पाठीवर पिशवी घेऊन उभी, आणि मधोमध आबा, हातात लालबागचा नारळ.

"आमचं घर बंद," आबा मोठ्यानं म्हणाले. "कुलपाचं घर आणि सुतकाचं घर सारखंच. म्हणून पहिल्या मानाचा नारळ आज या खळ्यात ठेवतोय. कुणाला काय बोलायचं असेल तर आत्ता बोला."

कोण बोलणार? मानकऱ्यानंच रीत सांगितली होती आणि रीत जुनीच होती. मी परळच्या खोलीत तोंडावर हात दाबून बसले.

आबांनी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ही पोर डोंगरावर आलीय, तिच्या हाताला यश दे!"

"व्हय म्हाराजा!"

"तिच्या खात्याला बुद्धी दे, आमची वाडी त्यांच्या ध्यानात राहू दे!"

"व्हय म्हाराजा!"

मग नारळ घ्यायला शेजारची काकी नेहमीप्रमाणे पुढे झाली. आबांनी मान हलवली. "तू नको. झाडं जिची, तिनं घ्यावा." आणि ते सरळ फोनकडे, म्हणजे फोनमागे दाराआड उभ्या असलेल्या वहिनीकडे बघत राहिले.

चित्र एकदम हललं. आधी उंबरठा दिसला, मग कौलं, आणि मग नुसतं आढं दिसत राहिलं. नारळ दोन्ही हातांनी घ्यायचा असतो, म्हणून तिनं फोन खाली ठेवला होता. मला तिचा चेहरा दिसला नाही. त्या आढ्याकडे बघत मी रडत होते, आणि बाहेरून सगळी वाडी म्हणत होती, "व्हय म्हाराजा!"